पश्चिमेची मोठी खिडकी: बघायची काच वेगळी, वाऱ्याची झडप वेगळी

प्रश्न: रत्नागिरीजवळ सासऱ्यांच्या जागेत आम्ही जांभ्याचं बैठं घर बांधतो आहोत. जागा उंचवट्यावर आहे. पश्चिमेला दीडेक किलोमीटरवर समुद्र, मध्ये आड काहीच नाही. हॉल 18 बाय 14 फुटांचा आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून 7 फूट उंच आणि 12 फूट रुंद अशी खिडकी हवी आहे, म्हणजे बसल्या जागेवरून समुद्र दिसेल. ठेकेदार दोन ट्रॅकची स्लायडिंग आणि 5 मिमीची साधी काच सुचवतो. पुण्यातली एक मैत्रीण डबल ग्लास घ्या म्हणते. सासऱ्यांचं म्हणणं, पश्चिमेला एवढं तोंड उघडं ठेवलं तर मिरगापासून झड आत येत राहील. बाजूची भिंत सध्या दीड फुटावर आली आहे. काय करावं?

उत्तर: भिंत दीड फुटावर आहे हे फार बरं झालं. आमच्या उत्तरातल्या निम्म्या गोष्टी याच आठवड्यात करायच्या आहेत, लिंटेल (खिडकीच्या माथ्यावरची काँक्रीटची आडवी तुळई) पडल्यावर त्या करता येणार नाहीत. आणि सासऱ्यांची शंका बरोबर आहे. त्यावर उपाय खिडकी लहान करणं हा मात्र नाही.

मोठ्या खिडकीकडून आपण दोन कामं मागतो, बाहेरचं दिसावं आणि वारा यावा. स्लायडिंग ही दोन्ही कामं एकाच तावदानाकडून करून घेऊ पाहते, आणि तुमच्यासारख्या जागी ती दोन्हींत उणी पडते. दोन ट्रॅकमध्ये कधीही अर्धीच जागा उघडते, बरोबर मध्यावर दोन जाड पट्ट्या एकमेकींवर येऊन समुद्र कापतात, आणि सरकणाऱ्या झडपेच्या कडेला ब्रशची लोकर असल्यामुळे ती कधीच घट्ट बसत नाही. तेव्हा मधली मोठी काच न उघडणारी, कायमची बसवा, आणि दोन्ही टोकांना दारासारख्या उघडणाऱ्या अरुंद झडपा द्या. बाकी सगळं यातूनच ठरतं.

आधी झडीचा हिशेब करू. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी उतरतं आणि बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून जातं. रचनाच तशी असते, त्यात दोष नाही. पण जोराचा वारा त्या भोकांवरच दाब देतो आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. 1 मिमी उंचीचं पाणी अडवून धरायला साधारण 10 पास्कल दाब पुरतो. ताशी 73 किलोमीटरचा झोत सुमारे 250 पास्कल दाब देतो, म्हणजे ट्रॅकमध्ये 25 मिमी पाणी उभं राहतं. नेहमीच्या स्वस्त ट्रॅकची आतली कड जवळपास तेवढीच असते. झोत त्याहून वाढला की पाणी कडेवरून हॉलमध्ये येतं. खिडकी नवी असो की जुनी, सिलिकॉन कितीही भरा, ते थांबत नाही. शिवाय समुद्राकडून येणारी रेती आणि मीठ ट्रॅकमध्ये बसतं, भोकं बुजतात, चाकं अडतात. 6 बाय 7 फुटांच्या झडपेत 5 मिमीची काच एकटीच 49 किलोची होते, एवढं वजन अडलेल्या चाकांवर ओढायचं म्हणजे घरातल्या वयस्कर माणसांना ती खिडकी बंदच.

उघडणाऱ्या झडपेला चारही बाजूंनी रबरी गॅस्केट असतं आणि हँडल फिरवल्यावर झडप त्यावर दाबली जाते. झडप बाहेर उघडणारी घ्या. पश्चिमेचा वारा मग तिला चौकटीवर आणखी घट्ट बसवतो. आत उघडणारी झडप वारा ढकलून सैल करतो.

बिजागऱ्या कोणत्या बाजूला, हे कोणी विचारत नाही, पण तुमच्या घरी त्याला फार महत्त्व आहे. दोन्ही झडपांच्या बिजागऱ्या दक्षिणेकडच्या कडेला ठेवा, म्हणजे आतून समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. अर्धवट उघडलेली झडप त्याला आड येते, झड अडते, आणि झोत आलाच तर तो झडपेला बंद होण्याच्या दिशेने ढकलतो. मार्च ते मे मध्ये दुपारचा समुद्री वारा वायव्येकडे झुकलेला असतो, तेव्हा तीच झडप त्याला पकडून आत वळवते. सुतार सवयीने एक झडप डावी आणि एक उजवी करतो, कारण दिसायला ते जोडीचं वाटतं. तसं केलंत तर उत्तरेकडे बिजागरी असलेली झडप पावसाळी झोतात उलटी फाकेल आणि तिची बिजागरी आधी जाईल.

मापं अशी धरा. खिडकी जमिनीपासून सुरू न करता खाली दीड फुटाची भिंत ठेवा. तेवढ्या उंचीवर भिंत आलीच आहे, फक्त खिडकीखालचा भाग भरून घ्या. दीड फूट म्हणजे बसायच्या ओट्याची उंची, खुर्चीतून समुद्र तसाच दिसतो. पण अंगणातून उसळणारं पाणी काचेच्या खाली राहतं. लिंटेल 7 फुटांवर ठेवलं की उंची साडेपाच फूट मिळते. 12 फूट रुंदीत मध्ये 7 फूट कायम काच आणि दोन्ही टोकांना अडीच-अडीच फुटांच्या झडपा. झडप याहून रुंद करू नका, तिचं सगळं वजन एका कडेवर लोंबतं आणि दोन-तीन वर्षांत ती खाली घासू लागते.

या दोन झडपा मिळून साडेसत्तावीस चौरस फूट उघडतात. घरांसाठीच्या इको निवास संहितेत (केंद्राच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) उष्ण-दमट हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश सांगितलं आहे. तुमचा हॉल 252 चौरस फुटांचा, म्हणजे 42 हवेत. राहिलेले साडेचौदा पश्चिमेलाच घालू नका. समोरच्या पूर्वेच्या भिंतीला 4 बाय 4 ची, पूर्ण उघडणारी खिडकी द्या. एकाच भिंतीला कितीही मोठं तोंड ठेवलं तरी वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आत शिरत नाही. हॉलच्या पूर्वेला आतली खोली येत असेल तर मधल्या दाराच्या वर उघडणारी झडप ठेवा आणि त्या खोलीची पूर्वेची खिडकी मोठी करा.

आता ऊन, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. सासऱ्यांना पावसाची काळजी आहे, पण वर्षातले आठ महिने तुम्हाला त्रास देणार ते ऊनच. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा चांगला चालतो, कारण दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेला सूर्य समोर येऊन खाली उतरतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, घड्याळात पावणेपाच वाजता, 2 फुटांच्या छज्जाची सावली भिंतीवर जेमतेम 1 फूट 1 इंच पडते. त्यापुढे ती कमीच होत जाते. अशा वेळी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 500 ते 600 वॅट ऊन सहज येतं. तुमच्या मूळ बेताप्रमाणे 84 चौरस फूट, म्हणजे 7.8 चौरस मीटर साधी काच लावली तर 3 किलोवॅटच्या वर उष्णता आत येईल. हॉलमध्ये एक-एक हजार वॅटच्या तीन शेगड्या पेटवून ठेवल्यासारखं ते होईल. आतल्या पडद्याने डोळ्यांवरची तिरीप थांबते, पण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, ते पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला.

म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी. सगळ्यांत चांगला उपाय कोकणाला नवा नाही: पडवी. खिडकीसमोर 6 फूट खोल, कौलारू, उताराची पडवी घेतलीत तर पावणेपाचच्या उन्हातही तिच्या कडेखाली सव्वातीन फुटांपर्यंत सावली राहते, आणि झडीचा पहिला मारा काचेऐवजी पडवीच्या फरशीवर पडतो. उरलेल्या तासाभरासाठी पडवीच्या कडेला बांबूची चीक सोडता येते. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधत, ती याच कामासाठी. पडवीची कड जमिनीपासून साडेसात फुटांच्या खाली आणू नका, नाहीतर समुद्राऐवजी कौलं दिसतील. पडवीला स्वतःचे खांब आणि पाया लागतो, तो आत्ताच खोदून घ्या. पैसे कमी पडत असतील तर काचेची रुंदी 12 वरून 9 फुटांवर आणा, पण पडवी सोडू नका. ती अजिबातच जमत नसेल तर अडीच फुटांचा छज्जा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला चीक टांगायला स्टेनलेसचे हूक, ओतकामातच बसवून.

काचेबद्दल. मैत्रिणीचा सल्ला तिच्या फ्लॅटसाठी बरोबर असेल. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली डबल ग्लास रस्त्याचा आवाज अडवते आणि दिवसभर एसी चालणाऱ्या बंद खोलीत वीज वाचवते. तुमच्या खिडक्या उघड्या राहणार, आवाज समुद्राचा, आणि उष्णता येणार ती उन्हाच्या किरणांतून. त्या किरणांना मधली हवा फारशी अडवत नाही, त्यासाठी काचेवरचा लेप लागतो. वर वजन दुप्पट, आणि दमट हवेत कडेचं सील सुटलं की मध्ये धुकं धरतं, ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. तुमच्या हॉलला आम्ही ती सुचवणार नाही.

मधल्या कायम काचेसाठी लॅमिनेटेड घ्या: 5 मिमी आणि 5 मिमीच्या दोन टफन (तापवून कणखर केलेल्या) काचा, मध्ये 1.52 मिमीचा पीव्हीबी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा थर. नुसती टफन काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, पण फुटली की पूर्ण चुरा होऊन खाली येते. वादळाच्या रात्री तसं झालं तर 7 फुटांचं भगदाड पडतं, वारा आत शिरतो आणि छपराला खालून उचलतो. लॅमिनेटेड काच तडकली तरी थराला चिकटून जागच्या जागी राहते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं, पुढच्याच मे मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत वर गेलं. हे धरूनच बांधायला हवं. खिडकी दीड फुटावर आहे आणि घरात लहान मुलं येणार, त्यांच्यासाठीही हीच काच योग्य.

वाऱ्याच्या दाबाचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा, उत्तर पास्कलमध्ये. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी 44 मीटरचा वेग दिला आहे. उघड्या किनाऱ्यावर आम्ही हिशेबाला तोच घेऊ. 1,160 पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 118 किलो. 7 बाय साडेपाच फुटांच्या अखंड काचेवर हा रेटा 400 किलोच्या वर जातो. ठेकेदाराची 5 मिमीची साधी काच एवढ्या मोठ्या मापात याला पुरणार नाही. आमचं मत, मधल्या 7 फुटांत एक उभी पट्टी घालून साडेतीन-साडेतीन फुटांच्या दोन काचा करा. समुद्राच्या मध्ये एक रेघ येते हे खरं. पण प्रत्येक काच 45-50 किलोत राहते, चार माणसं ती हातांनी लावू शकतात. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, ती मापाचीच बनवून आणावी लागते, आणि कोल्हापुराकडून मागवलीत तर आंबा घाट उतरून येणार. उद्या एक फुटली तर अर्धीच बदलावी लागेल. अंतिम जाडी मात्र काच बनवणाऱ्याकडून आयएस 16231 प्रमाणे हिशेब करून लेखी घ्या.

लेपासाठी दोन आकडे विचारा. उन्हातली किती उष्णता आत येते, तो 0.40 च्या आसपास हवा, साध्या 6 मिमी काचेचा तो 0.8 असतो. आणि किती उजेड येतो, तो 40 ते 50 टक्के. याहून काळी काच घेतलीत तर पावसाळ्यात दुपारी दिवा लावावा लागेल. सॉफ्ट कोट म्हणून विकला जाणारा लेप उघड्यावर टिकत नाही, आरशासारखा न चमकणारा हार्ड कोट मागा. बाजूच्या झडपांना 6 मिमीची टफन काच पुरे, तीवर आयएस 2553 चा ठसा कोपऱ्यात दिसला पाहिजे. ठसा नसेल तर काच उतरवून घेऊ नका.

चौकटीला ॲल्युमिनियम. यूपीव्हीसी वाईट नाही, पण त्याच्या पोटात ताकदीसाठी लोखंडी नळी असते. खाऱ्या हवेत स्क्रूच्या भोकांतून ओल गेली की ती आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही. ॲल्युमिनियम 6063 मिश्रधातूचं, मुख्य पट्ट्यांची जाडी 2 मिमी. त्यावर 25 मायक्रॉनचं ॲनोडायझिंग असावं. पावडर कोटिंग घ्यायचंच असेल तर कापलेल्या टोकांनाही आतून लेप द्यायला सांगा, सोलवटायला सुरुवात तिथूनच होते. लाकडाचा मोह असेल, जुन्या घराचा साग किंवा फणस पडून असेल, तर तो पूर्वेच्या खिडकीला वापरा. पश्चिमेला फुगून बसेल.

बिजागऱ्या, स्टे (उघडी झडप धरून ठेवणारी पट्टी), स्क्रू, हँडलच्या आतले भाग, सगळं 316 दर्जाचं स्टेनलेस. बाजारात 304 च सहसा मिळतं आणि किनाऱ्यावर त्यावर तपकिरी डाग पडतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला टिकतं. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, त्यामुळे बिलावर दर्जा लिहून घ्या. साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घातला तर खाऱ्या ओलीत स्क्रू गंजतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियमही पांढरं पडून खाल्लं जातं. गज लावणार असाल तर झडपांपुरते, आतून, हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेले, दोन गजांत 4 इंचांहून कमी अंतर. झडप बाहेर उघडते म्हणून जाळी आतून येईल. ती घडीची किंवा गुंडाळणारी घ्या, म्हणजे हँडलपर्यंत हात जाईल.

आता या आठवड्याचं काम. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यात फास्टनर ठोकला की भोक मोठं होतं आणि वाऱ्याच्या हिसक्यांनी सैल होतं. म्हणून खिडकीच्या चारही बाजूंना काँक्रीट हवं. दीड फुटावर भिंतीभर सिल बँड, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा, दोन्ही बाजूंना 6 इंचांचे उभे काँक्रीटचे जाम, म्हणजे खिडकीच्या बाजूच्या कडा, त्यांच्या सळया वर लिंटेलमध्ये आणि खाली बँडमध्ये गुंतवलेल्या. चौकटीचे फास्टनर या काँक्रीटमध्येच जातील, कोपऱ्यापासून 6 इंचांवर पहिला आणि पुढे दर 2 फुटांच्या आत एक. 12 फुटांच्या तोंडावरचं लिंटेल म्हणजे तुळईच, तिची खोली आणि सळया इंजिनिअरकडून घ्या, ठेकेदाराच्या अंदाजाने नको.

तुळई वर्षानुवर्षं थोडी वाकत राहते. चौकटीच्या वर 10 ते 12 मिमी फट सोडा आणि ती सिमेंटने मुळीच भरू नका. भरली तर तुळईचं वजन चौकटीवर येतं, झडपा अडकतात, काचेच्या कोपऱ्यात तडा जातो. फटीत आधी फोमची गोल दोरी, तिच्यावर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला धरत नाही. पिवळा पीयू फोम पोकळी भरायला ठीक आहे, पाणी अडवायला नाही.

खिडकीचं तळ पाहा. कडप्पा किंवा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला दर 10 इंचांना 1 इंच उतार, भिंतीच्या गिलाव्यापुढे 2 इंच बाहेर, आणि त्या बाहेरच्या भागाच्या पोटात 10 मिमीची खाच, म्हणजे थेंब तिथे तुटतो आणि भिंतीला लागून आत वळत नाही. अशीच खाच छज्जाच्या पोटातही. दगडाखाली वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या आणि ते दोन्ही जामांवर 6 इंच वर चढवा. गळती बहुतेक वेळा काचेतून होत नाही, तळ आणि जाम जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांतून होते.

चौकटीचं माप गिलावा झाल्यावरच. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. सर्वांत लहान माप धरून, रुंदीतून 10 ते 12 मिमी वजा, उंचीतून वरच्या फटीसकट 15. कर्णांत 5 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ओळंबा लावून आधी जाम दुरुस्त करून घ्या. ओल्या सिमेंटने ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पडतात, म्हणून पट्ट्यांवरची संरक्षक टेप रंगकाम होईपर्यंत राहू द्या, पण उन्हात महिनोन्‌महिने नाही, ती भाजून चिकटते.

कोटेशनमध्ये हे सगळं आकड्यांत लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीला बांधा. चाचणी आतला रंग देण्याआधी. बागेच्या पाइपाने बाहेरून आधी तळाचा सांधा 10 मिनिटं भिजवा, मग दोन्ही जाम, मग झडपांच्या कडा, आणि सगळ्यांत शेवटी वरची फट. आत एक माणूस बॅटरी घेऊन कोपऱ्यांत बसलेला असू द्या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. लिंटेल या महिन्यात पडलं तर ही चाचणी मे च्या पहिल्या पंधरवड्यात उरकता येईल, आणि गळतीचा कोपरा उघडून पुन्हा भरायला मिरगाआधी तीन आठवडे हातात राहतील.